रिकाम्या तळहाताची पूजा

आमच्या घरात सकाळी पाण्याचा घोट घ्यायचा तर आधी गळ्यातला देव तळहातावर घ्यावा लागे. अंघोळ झाली की कपाळाला भस्म, मग डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून त्याच्याकडे टक लावून बसायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि त्यानंतरच चूल पेटायची. आम्ही लिंगायत वाणी. मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधत. ते जन्मभर अंगावेगळं करायचं नाही आणि मेल्यावर त्याच्यासकट मातीत बसायचं, असा आमच्यातला रिवाज. बायकांची लिंगं चांदीच्या डबीत असत, आम्हा पोरींची कापडाच्या पिशवीत. लिंग तरी दिसायला काय, वरून काळं लेपन केलेला जांभळाएवढा गोटा. हे मी एकदा मोठ्यांदा बोलून दाखवलं, तेव्हा आत्याने अशी थोबाडीत दिली की दिवसभर गाल गरम होता.

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, सुभद्रा. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि आल्या दिवसापासून आमची तहसीलदार झाली. घरातले सगळे मोठे तिला आक्का म्हणत आणि तिच्यासमोर हळू बोलत. पुढे दुकान आणि मागे घर. दिवसभर तराजूच्या साखळीचा खुळखुळाट, मिरच्या कुटण्याची ठकठक आणि आत्याचा आवाज, या तीन गोष्टी आमच्या घरात कधी थांबत नसत. तिच्या हातच्या येसराच्या आमटीचा वास वेशीपर्यंत जायचा. ज्वारीची गरम भाकरी, कारळाची चटणी, वर तेलाची धार, आणि पानात काही टाकलं तर आत्याची नजर. मी आज ऐंशी ओलांडली, दात सगळे गेले, तरी ताटात भाकरीचा तुकडा उरला की मान आपोआप वळते, मागे ती उभी असेल म्हणून.

दुकानात वैजनाथ काका बसायचे. माझे वडील त्या दिवसांत घरी नव्हते. गावातल्या जवान माणसांबरोबर ते संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेले होते आणि तिकडे काय करत होते ते आम्हा बायकापोरांना कुणी सांगत नसे. काका मागे राहिले, कारण दुकान होतं, आम्ही होतो आणि त्यांना नुकताच मुलगा झाला होता. काका मऊ माणूस. गिऱ्हाईक कितीही वेडंवाकडं बोललं तरी ‘या, बसा, काय पाहिजे’ याच्यापुढे त्यांचा आवाज चढत नसे. त्यांची बायको महादेवी काकू माझ्याहून फार मोठी नव्हती. आत्याची पाठ वळली की ती माझ्याबरोबर चिंचोके खेळायची आणि हरली की रुसायची. मला ती फार आवडे.

पाथरीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावरचं आमचं गाव. आसपासची गावं एकेक करून लुटली जात होती. लुटणाऱ्यांचं नाव आमच्या घरात घेत नसत. नाव घेतलं की येतात, असं आत्या म्हणे, म्हणून आम्ही त्यांना नुसतं खाकीवाले म्हणायचो. इतकी वर्षं झाली तरी ते नाव माझ्या लेखणीतून उतरत नाही, तेव्हा इथेही खाकीवालेच राहू देते. एके सकाळी शेजारच्या गावातली एक बाई पळत आमच्या दारात आली. तिच्या जावेच्या गळ्यातली चांदीची डबी त्यांनी ओढली होती. लिंगाचा दोरा पिळाच्या सुताचा, तो काही तुटेना, तेव्हा तिला त्या दोऱ्यानेच अंगणभर फरफटत नेलं आणि उंबऱ्यावर डोकं आपटून ती मेली. हे सांगताना ती बाई रडत नव्हती.

आत्याने ऐकून घेतलं आणि परात मागवली. माई, म्हणजे माझी आई, काकू, आणि गल्लीतल्या दोघीतिघी माजघरात गोळा झाल्या. आत्याचा बेत असा, की लिंगं डब्यांतून काढून कापडात बांधायची, पुन्हा गळ्यात घालायची आणि चांदी उकिरड्यात पुरायची. परातीत बेलाची पानं पसरून ती एकेकीची डबी उघडू लागली. काकूने आपली डबी मुठीत धरली.

"आक्का, अंगावेगळं करायचं न्हाई म्हंतेत."

"तुजं मुंडकं अंगावेगळं होन्यापरीस बरं," आत्या म्हणाली आणि तिने तिची मूठ उघडली.

सगळी लिंगं परातीत आली आणि कापड फाडायला घेतलं तेवढ्यात वेशीकडे बार झाले. आत्यासारख्या जन्मभर नेमधर्म पाळणाऱ्या बाईच्या हातून ही एवढी चूक झाली. एकीचं लिंग बांधून मग दुसरीचं काढायचं, हे तिला सुचलं नाही. मी पुढे पुष्कळदा विचार केला. भीती माणसाला घाई करायला लावते आणि घाईत आपण एरवी हात लावणार नाही अशा गोष्टींना हात लावतो.

काकांनी दुकानाच्या फळ्या लावल्या होत्या. त्या कुऱ्हाडीने फुटल्या. मी मधल्या दाराच्या फटीतून बघत होते. चौघेपाचजण आत शिरले आणि काका सवयीने म्हणाले, "या, बसा, काय पाहिजे." तो आवाज मला अजून ऐकू येतो. पहिला घाव खांद्यावर बसला. ओलं लाकूड फोडताना येतो तसा आवाज झाला. काका गुळाच्या ढेपांवर पडले आणि पिवळा गूळ बघता बघता लाल झाला. तरी त्यांनी एकाचा पाय धरून ठेवला, आत येऊ नये म्हणून. तो माणूस खाली वाकून त्यांच्या हातावर मारत राहिला, हात सुटेपर्यंत. मग पुन्हा मानेवर. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही.

ते मधल्या दारात आले तेव्हा आत्याने एका हाताने परातीतली लिंगं पदरात ओतली आणि दुसऱ्या हाताने चांदीच्या डब्या त्यांच्या पायांवर भिरकावल्या. डब्या फरशीवर चहूकडे घरंगळल्या. ते वाकले, एकमेकांना ढकलू लागले, आणि तेवढ्यात आम्ही परसदाराने बाहेर पडलो. काकू मात्र बाळाला माईकडे टाकून उलटी दुकानाकडे धावली. आत्याने तिला केसांना धरून ओढलं. काकू जमिनीवर पडली, तरी आत्याने केस सोडले नाहीत. तिला तशीच फरफटत विहिरीपर्यंत आणली. केसांचा एक पुंजका आत्याच्या मुठीत राहिला होता.

भादव्यातली ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. आम्ही तिच्यात शिरून चिखलात पालथे पडलो. बाळ रडायला लागलं की माई त्याच्या तोंडावर हात दाबून धरायची आणि ते निळं पडायला लागलं की सोडायची. आमच्या घरावरून धूर निघताना दिसला. नंतर आम्ही दुधना नदीच्या पाण्यातून एकमेकींचे हात धरून पलीकडे गेलो आणि दिवस मावळायच्या आत माळावरच्या धनगरवाडीत पोचलो. तिथली धुरपदामाय आमच्या दुकानातून मीठ न्यायची. तिने काहीही विचारलं नाही. "या ग मायांनो, या आत," म्हणाली आणि मेंढरांना एका बाजूला करून आम्हाला काट्याच्या कुंपणाआड जागा करून दिली.

तिथे आमच्याआधी आलेल्या बायका होत्या. एकीच्या कानाच्या पाळ्या कर्णफुलांसकट ओरबाडलेल्या. एक पोरगी कुणाशी बोलत नसे, फक्त कुणी मागून आलं की हाताने डोकं झाकून घ्यायची. लेंड्यांचा आणि ओल्या घोंगड्यांचा वास, मेंढरांचं बें बें, आणि मध्येच एखादीचा हंबरडा. प्रत्येकीने आपापला देव बरोबर आणला होता. कुणी पदराला नवसाच्या गाठी मारत होती, कुणी आपल्या गावच्या देवळाच्या दिशेला हात जोडत होती. धुरपदामाय रोज सगळ्यांच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावायची. आत्याने पहिल्यांदा तोंड फिरवलं. धुरपदामाय म्हणाली, "लावून घ्या की बाई. आमचा देव तुमच्या देवाला खात न्हाई." आत्याला बोलण्यात कुणी गप्प केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने पदराची गाठ सोडली. सगळी लिंगं सारखीच काळी, सारखीच गोल. कुणाचं कोणतं हे कसं ओळखायचं? बायका एकमेकींकडे बघत बसल्या. शेवटी माईने डोळे मिटले, एकेक लिंग डाव्या तळहातावर घेतलं, खाली ठेवलं, दुसरं घेतलं. तिसऱ्याचौथ्याला तिने मूठ मिटली आणि रडायला लागली. तिचं ते होतं. वर्षानुवर्षं रोज सकाळी जे वजन हातावर पेललं ते तळहात विसरत नाही. मग बाकीच्यांनीही तसंच केलं. आत्याला तिचं मिळालं, गल्लीतल्या बायकांना त्यांचं मिळालं. काकूची पाळी आली तेव्हा कापड रिकामं होतं. आत्याचा पदर एका ठिकाणी फाटला होता. ज्वारीत, चिखलात, नाहीतर दुधनेत, काकूचं लिंग कुठेतरी पडलं होतं.

आत्याने स्वतःच्या गळ्यातलं काढून पुढे केलं. "हे घे."

"तुमचा देव तुमच्याच हातात राहू द्या आक्का," काकू म्हणाली. "माजा माज्या मालकासंगं गेला."

आमच्यात जुनी बायामाणसं म्हणत, लिंग गेलं तर प्राण ठेवायचा नाही. नवं लिंग द्यायचं तर स्वामी पाहिजेत, दीक्षा पाहिजे. धुरपदामायचा नवरा चोरून गावाकडे जाऊन आला. तो दारातच उभा राहून, घोंगडीचं टोक चावत बोलला. मठाच्या पायरीवर स्वामींना कापून टाकलं होतं. आमचं घर जळालं होतं आणि काकाही त्यातच. ज्या माणसाला मातीत बसवायचं तो राख झाला, हे ऐकून काकूने कुंपणाकडे तोंड केलं. पाणी नाही, अन्न नाही. पूजेशिवाय पाणी प्यायचं नाही, आणि पूजा कशाची करणार? धर्म तिच्या बाजूने होता. तिला मरायचंच होतं आणि आमच्या रिवाजाने तिच्यासाठी दार उघडून ठेवलं होतं.

तिचं दूध आटलं. बाळ छातीला लावलं की ओढायचं, काही येत नसे, मग किंचाळायचं. धुरपदामाय फडक्याची वात करून मेंढीचं दूध चोखवायची, ते बाळ ओकून टाकायचं. त्याचे हात काड्यांसारखे झाले. त्याला दिवसभर मी मांडीवर घेऊन बसायची, आणि त्याचं रडणं हळूहळू बारीक होत गेलं ते मला मोठ्या रडण्यापेक्षा भयंकर वाटायचं. माई काकूच्या पाया पडली. काकूने डोळे उघडले नाहीत.

आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. बायका काकूच्या पाया पडायला लागल्या. आधी गल्लीतल्या, मग परगावच्या. ओरबाडलेल्या कानांची बाई तर तिच्या पायांवर डोकं ठेवून विचारत होती, "माय, माजा नवरा जिता हाय का सांग." कुणी रानफुलं वाहिली. तेव्हा मला याचा राग आला होता. आता वाटतं, त्यांचं सगळं लुटलं गेलं होतं, घर, माणूस, अब्रू. ज्यांनी लुटलं त्यांच्यापुढे न वाकलेलं असं काहीतरी त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं, आणि ते त्यांना काकूत दिसलं. पण काकूच्या त्या न वाकण्याची किंमत माझ्या मांडीवर होती.

आत्या हे सगळं लांबून बघत होती. भर दुपारी ती उठली आणि तिने फुलं लाथेने उडवली.

"मरनाची पूजा करायल्यात का? उठा समद्या!" मग धुरपदामायकडे वळून म्हणाली, "आंबील हाय का तुज्या घरात?"

धनगराच्या घरचं मडकं, ज्यात कालपरवा मटण शिजलं असेल, आणि त्यातली आंबील आत्या मागत होती. धुरपदामायने भांडं आणलं. आत्याने माईला काकूच्या पायांवर बसायला सांगितलं. माई बसली. धुरपदामायने हात धरले. आत्या काकूच्या छातीवर गुडघा रोवून बसली, एका हाताने नाक दाबलं आणि तोंड उघडताच दातांत लाकडी पळी कोंबली.

काकूत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. ती उसळली, तिने मान झटकली, ओठ फाटले. पळी निसटली तेव्हा तिने आत्याचं बोट धरलं आणि दात रुतवले. आत्याने बोट काढून घेतलं नाही. त्या बोटानेच तोंड उघडं ठेवून तिने आंबील ओतली. पांढऱ्या आंबिलीत रक्ताची धार मिसळत होती.

"गिळ. पाप माजं. गिळ म्हंते ना! समदं पाप माजं."

काकूला ठसका लागला, अर्धं नाकातून बाहेर आलं, अर्धं आत गेलं. आत्याने पुन्हा ओतलं. मी बाळाला पोटाशी धरून कुंपणाला टेकले होते. खरं सांगते, त्या दुपारी मला खाकीवाल्यांपेक्षा आत्याची जास्त भीती वाटली. भांडं रिकामं झाल्यावर आत्या उठली, तिचं लुगडं चिखल आणि आंबिलीने भरलं होतं. काकू पडल्या पडल्या बोलली. तिची जीभ सुजलेली, शब्द नीट उमटत नव्हते, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"त्यांनी माज्या मालकाला मारलं. मला तुमी मारलं, आक्का."

आत्याने रिकामं भांडं उचललं. संध्याकाळी तिने पुन्हा तसंच भरवलं. या वेळी काकूने फारशी झटापट केली नाही.

दुसऱ्या सकाळी बायका पूजेला बसल्या तेव्हा काकू स्वतःहून उठून त्यांच्या ओळीत येऊन बसली. तिने कपाळाला राख लावली. डावा हात पुढे केला, तळहात उघडला. त्यावर काहीच नव्हतं. त्या रिकाम्या तळहातावर तिने चिमूटभर भस्म टाकलं आणि बाकीच्या जशा आपापल्या लिंगाकडे बघत होत्या तशी ती त्याकडे बघत राहिली. मग ती धुरपदामायपाशी गेली आणि वाटी पुढे केली. आत्याच्या हातून ती काही घेत नसे. आत्या समोर आली की डोळे फिरवायची. पण ती खात होती. हळूहळू दूध आलं, आणि एके दिवशी बाळाने असा भोंगा पसरला की मेंढरं बिथरली. तो भोंगा ऐकून मी हमसून हमसून रडले. तो आज परभणीत नातवंडांवर ओरडत असतो, आवाज तसाच आहे.

मग एके दिवशी सडकेने फौजेच्या गाड्या गेल्या आणि राज्य बदललं म्हणून लोक ओरडत आले. आम्ही गावात परतलो. वडील आले, जळक्या भिंतींवर पत्रे टाकले, त्याखाली चूल मांडली. काकू घरात सगळी कामं करायची, माईशी बोलायची, माझी वेणी घालायची, आत्याशी मात्र अवाक्षर नाही. आत्याही बोलवायला जात नसे. दोघी एकाच चुलीशी भाकऱ्या थापत बसायच्या आणि मधल्या शांततेत आमचा जीव गुदमरायचा.

परभणीहून दुसरे स्वामी आले आणि मठ धुऊन घेतला. ज्यांची लिंगं गेली त्यांना प्रायश्चित्त देऊन नवी दीक्षा देणार होते. म्हातारे, खोकणारे गृहस्थ होते, वाईट नव्हते. पण नियम सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. लिंग गेल्यावर आपण होऊन अन्न घेतलं त्याला प्रायश्चित्त आहे. पण दुसरीचं व्रत जबरदस्तीने मोडणारीला मठात आणि पंगतीत जागा नाही, असं ते म्हणाले. सगळ्या बायका खाली बघू लागल्या. वाडीतली हकिकत गावभर झालीच होती. आत्याचं उभं आयुष्य त्या मठाच्या फरशीवर गेलं होतं. तिला दुसरं काही नव्हतं, नवरा नव्हता, मूल नव्हतं. मी माईचा हात घट्ट धरला.

स्वामींनी काकूला पुढे बोलावलं. ती बाळाला कडेवर घेऊन उभी राहिली.

"तुझं व्रत होतं असं कानावर आलं," स्वामी म्हणाले. "तुला कुणी भरवलं?"

मागे आत्या उठून उभी राहिली. तिने पदर सारखा केला. "स्वामी, मी..."

"मला भूक लागली होती," काकू मोठ्याने म्हणाली. आत्याचे शब्द त्यात बुडून गेले. "मी माज्या हातानं खाल्लं. कुणी भरवलं न्हाई."

स्वामींनी इतर बायकांकडे पाहिलं. माई म्हणाली, "व्हय." गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "व्हय, तिनंच खाल्लं." स्वामी बराच वेळ खोकले, मग त्यांनी काकूला बसायला सांगितलं आणि मंत्र म्हणून नवं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. काकूने मूठ मिटली.

दीक्षा संपून लोक बाहेर पडले तरी आत्या खांबाशी बसून होती. काकांच्या वेळी रडली नव्हती, घर जळताना रडली नव्हती, ती आता फरशीवर कपाळ आपटत रडत होती आणि कुणाचं ऐकत नव्हती. काकूने बाळाला माझ्याकडे दिलं, आत्यापाशी जाऊन वाकली आणि तिच्या दंडाला धरलं.

"उठा आक्का," ती म्हणाली. "सकाळधरनं तुमी काय खाल्लं न्हाई."